‘काटणे’ आणि ‘अपवर्तन’ : परिमेय राशींच्या गुणाकाराविषयी

दोन परिमेय राशींचा गुणाकार करून त्याला संक्षिप्त रूप देताना ‘वरचा आणि खालचा क्ष काटला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. ‘काटणे’ हा शब्द सोयीचा खरा. परंतु प्रत्यक्ष घडणारी क्रिया त्यामुळे झाकली जाते. काटणे म्हणजे पुसून टाकणे, असा समज होतो. वस्तुतः तेथे अंश आणि छेद या दोहोंना एकाच राशीने भागलेले असते.

जुन्या गणितग्रंथांतील ‘अपवर्तन’ ही संज्ञा या दृष्टीने अधिक नेमकी आहे. समान भाजकाने भागून लहान करणे, हाच तिचा अर्थ. इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अपूर्णांकांच्या गुणाकारासाठी ‘वज्रापवर्तन’ सांगितले आहे. एका अपूर्णांकाचा अंश आणि दुसऱ्याचा छेद यांना तिरकस रीतीने आधीच भागून घेतले, म्हणजे गुणाकाराचे श्रम वाचतात. (आज मराठीत ‘अपवर्तन’ म्हणताच प्रकाशकिरण आठवतो, ही गोष्ट निराळी.)

बैजिक राशींनाही हीच रीत लागू पडते. मात्र लहान संख्यांचे अवयव जसे पाहताच ध्यानात येतात तसे बहुपदीचे येत नाहीत. ते पाडावे लागतात. उदाहरणार्थ,

(क्ष² − ९)/(क्ष² + ५क्ष + ६) × (क्ष² − ४)/(क्ष² − ३क्ष)

येथे आधी गुणाकार केल्यास अंशस्थानी क्ष⁴ − १३क्ष² + ३६ आणि छेदस्थानी क्ष⁴ + २क्ष³ − ९क्ष² − १८क्ष अशा राशी येतात. त्यांत समाईक काय, हे सहसा ओळखू येत नाही. आधी अवयव पाडल्यास मात्र

[(क्ष − ३)(क्ष + ३)]/[(क्ष + २)(क्ष + ३)] × [(क्ष − २)(क्ष + २)]/[क्ष(क्ष − ३)]

असे रूप मिळते. (क्ष + ३) ने पहिल्या अपूर्णांकातच भाग जातो, (क्ष − ३) आणि (क्ष + २) यांनी तिरकस. शेवटी (क्ष − २)/क्ष एवढेच उरते.

पहिल्या अपूर्णांकात वर-खाली दिसणारा क्ष² काटण्याचा मोह अनेकांना होतो. पण तो अवयव नव्हे, पद आहे. क्ष² ने भागावयाचे तर ९, ५क्ष आणि ६ यांनाही भागले पाहिजे. क्ष = १ घेतल्यास त्या अपूर्णांकाची खरी किंमत −२/३ येते; क्ष² काटल्यास −९/११. व्याकरणातील पद प्रसंगी अध्याहृत ठेवता येते, बीजगणितातील नाही.

‘काटणे’ या शब्दामुळे होणारी दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. भाजक शून्य असून चालत नाही. (क्ष − २)/क्ष या उत्तरात क्ष = ३ ठेवल्यास १/३ मिळतात; मूळ गुणाकारात मात्र दुसऱ्या अपूर्णांकाचा छेद ९ − ९, म्हणजे शून्य होतो आणि राशीला अर्थच उरत नाही. −३ आणि −२ या किमतींचेही तसेच. ‘काटला’ म्हटले की अवयवांबरोबर या अटीही पुसल्या जातात. ‘भागले’ म्हटले तर भाजक शून्य तर नाही ना, हा प्रश्न ओघानेच उभा राहतो. म्हणून (क्ष − २)/क्ष हे उत्तर ‘क्ष ची किंमत ०, ३, −३ किंवा −२ नसताना’ एवढ्या पुस्तीसह लिहावयाचे असते.