डोंगराची चटई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की बहुतेक जण पाण्याकडे पाहतात. ते पाणी जिथून येतं त्या टेकडीकडे कुणी पाहत नाही. मीही पाहत नव्हतो, आणि मी तर भूगोलाचा शिक्षक होतो.

साकोली तालुक्यातल्या एका गावात माझी बरीच नोकरी झाली. गावाच्या वर एक जुना मालगुजारी तलाव, आणि तलावाच्या वर टेकडी. टेकडीच्या एका बाजूला ऐन, धावडा, तेंदू, मोह असं बऱ्यापैकी जंगल. दुसऱ्या बाजूला नुसती झुडपं : पळस, बोर, कुडा, मधूनमधून खुरटलेली तेंदूची रोपं आणि गवत. गावकरी त्या भागाला ‘पडीत’ म्हणत. १९९२ साली मी शाळेतल्या मुलांना घेऊन तिथं वृक्षारोपण करायचं ठरवलं. उन्हाळ्यात आम्ही झुडपं तोडली, मुळं खणून काढली, पालापाचोळा गोळा करून पेटवून दिला. जागा कशी स्वच्छ दिसू लागली! मग ओळीनं खड्डे खणले आणि पहिल्या पावसानंतर सागाची रोपं लावली. पाहुणे आले, भाषणं झाली, फोटो निघाले.

जुलैत मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी गावातले एक वयस्क कोहळी शेतकरी मला हात धरून तलावावर घेऊन गेले. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. तलावाला दोन बाजूंनी दोन नाले मिळतात. जंगलाकडून येणाऱ्या नाल्याचं पाणी चहासारखं तांबूस, पण निवळ होतं. आमच्या वृक्षारोपणाकडून येणारं पाणी मात्र ताकात हळद कालवल्यासारखं गढूळ होतं, आणि ते घोंघावत येत होतं. बाबाजी म्हणाले, “गुरुजी, झाडं लावली ते बेस केलं. पन डोंगराची चटई काहून काढली?”

त्या एका वाक्यानं मला जे शिकवलं, ते पुढं पुस्तकांतून ताडून पाहायला मला काही वर्षं लागली.

आपल्याला वाटतं, जंगल पाणी अडवतं म्हणजे झाडं पाणी अडवतात. पानांवर जे पाणी थांबतं ते पावसाच्या एका सरीत फार तर काही मिलिमीटर. खरं काम जमिनीलगत चालतं. पाचोळ्याचा थर पावसाच्या थेंबाचा मार स्वतःवर घेतो. हा थर नसेल, तर थेंब उघड्या मातीवर आपटतो, मातीचे बारीक कण सुटतात आणि तेच कण मातीची छिद्रं बुजवतात. एकदा जमिनीचं तोंड असं बंद झालं, की खालची माती कोरडी असली तरी पाणी आत शिरत नाही, वरून धावत सुटतं. पाचोळ्याखाली वाळवी, गांडुळं आणि किडे जमीन पोखरत असतात. कुजलेल्या मुळांच्या जागी नळ्या राहतात. पाणी या वाटांनी आत जातं आणि सावकाश, कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी, नाल्यात उतरतं. बाबाजींची चटई ती हीच : पाचोळा, गवत, झुडपं आणि त्यांच्या मुळांचं जाळं.

सागाबद्दलही मी एक गोष्ट उशिरा शिकलो. सागाचं पान मोठं. त्यावर पाणी साठून जो थेंब पडतो, तो पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असतो आणि उंचावरून पडतो. सागाखाली झुडपं, पाचोळा असेल तर काही बिघडत नाही. पण नुसता साग, खाली जमीन झाडून काढल्यासारखी उघडी, अशा जागी माती उघड्या माळासारखीच धुपते. तेव्हा हिरवं दिसतं ते सगळंच पाणी धरतं असं नाही.

आता हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पाऊस आमच्याकडे पावसाळ्यात एखाद-दुसऱ्या दिवशी सहज होतो. तो एका हेक्टरवर झाला तर दहा लाख लिटर. तलावाचं पाणलोट शंभर हेक्टरचं धरा, म्हणजे दहा कोटी लिटर. हे सगळं एका तासात तलावात आलं तर पाळ फुटेल. दोन दिवसांत आलं तर सांडव्यावरून शांतपणे निघून जाईल. पाणी तेवढंच, फरक वेळेचा.

पण जमिनीच्या पोटालाही माप आहे. आमच्या टेकड्यांवरची बरडी जमीन पातळ. हातभर खोल माती धरा आणि तिच्यातली दहावा हिस्सा जागा पाण्यासाठी मोकळी धरा. म्हणजे पंचेचाळीस मिलिमीटर पाऊस मावला की ती भरली. जूनमध्ये हे पोट रिकामं असतं. ऑगस्टच्या अखेरीस ते गळ्यापर्यंत भरलेलं असतं, तसेच तलाव आणि धानाच्या बांध्याही. त्यानंतर जो पाऊस पडतो, त्यातला फार थोडा जंगल अडवू शकतं.

हे मी मनानं सांगत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बर्न प्रांतातल्या एमेंटाल या डोंगराळ भागात १९०३ पासून दोन शेजारच्या ओढ्यांचं पाणी मोजायला सुरुवात झाली. एका ओढ्याचं पाणलोट जवळजवळ पूर्ण जंगलाचं, दुसऱ्याचं बहुतांशी कुरणाचं. आर्नोल्ड एंग्लर या वनशास्त्रज्ञानं १९१९ साली त्याचे निष्कर्ष मांडले. थोड्या वेळाच्या जोरदार पावसात जंगलाच्या ओढ्याचा पूर बराच कमी होता. पण दिवसेंदिवस पाऊस लागून राहिला आणि जमीन चिंब झाली, की दोन्ही ओढ्यांत फारसा फरक उरत नव्हता. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं एका आंतरराष्ट्रीय वनसंशोधन संस्थेबरोबर आशियातल्या पुरांवर एक अहवाल काढला, त्याचाही सूर हाच होता : लहान खोऱ्यातले लहान पूर जंगल आवरतं, मोठ्या नद्यांचे महापूर आवरत नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर आठवून पाहा. माझी पुतणी भंडारा शहरात नदीकडच्या वस्तीत राहते. तिचा फोन आला, “काका, इथं पावसापेक्षा पाणीच जास्त आहे.” ते पाणी वरून आलं होतं. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ. तिकडे आणि छिंदवाड्याकडे अतिवृष्टी झाली, वरच्या धरणांचे दरवाजे उघडावे लागले, आणि खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडले गेले. घरात शिरलेलं पाणी उतरल्यावर मी पुतणीकडे गेलो. धान्याच्या कोठीत चिखल होता. ती म्हणाली, “तुम्ही नेहमी झाडं, झाडं म्हणता. झाडांनी काय केलं?” मला खरं ते सांगावं लागलं, की या पुरापुढे झाडांचं काही चाललं नसतं. अशा वेळी नदीकाठची पूररेषा पाळणं, वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची सूचना वेळेवर मिळणं, दोन राज्यांत ताळमेळ असणं, हेच उपाय. जंगलाच्या नावावर जमणार नाही ते खपवलं, की जमण्यासारखं काम करायचंही राहून जातं.

जमण्यासारखं काम आहे ते तलावाच्या वरच्या टेकडीवर. ते आपल्या पूर्वजांना कळलं होतं असं म्हणायला जागा आहे. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनी दिल्या, आणि कोहळी समाजानं पूर्व विदर्भात तलाव बांधण्यात नाव कमावलं. रसेल या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे अशीच आहे. पूर्व विदर्भात असे जवळपास सात हजार तलाव आणि त्याहून लहान बोड्या आहेत. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देतो, त्याचा त्याच्या खालच्याला. पूर असा पायरीपायरीनं उतरवला जातो. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली ते न्यायाचंच झालं. पण तलाव सरकारकडे गेले आणि पाणलोटाची देखरेख कुणाकडेच राहिली नाही. गाळ साठत गेला. गाळानं भरलेल्या तलावाला पूर सामावून घ्यायला जागाच नसते. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ निघतो, शेतात जातो, चांगली गोष्ट आहे. पण वरची टेकडी तशीच उघडी ठेवली, तर काढलेला गाळ परत येणार.

मग टेकडीवर करायचं काय? आम्ही गावात जे केलं ते सांगतो. सागाची निम्मीअधिक रोपं पहिल्याच वर्षी गेली होती. त्या जागी नवी लावली नाहीत. झुडपांच्या बुंध्यांना फुटवे येत होते, ते येऊ दिले. टेकडीचे तीन भाग करून गावानं एकेक भाग आळीपाळीनं चराईला बंद ठेवला. यावर भांडणं झाली. बकऱ्या असणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती, म्हणून सगळी टेकडी कधीच बंद केली नाही. नाल्यात वरपासून खालपर्यंत अनघड दगडांचे छोटे बांध घातले. चर मात्र हातानं, झाडांच्या मुळांना सोडून खणले. आजकाल जेसीबीनं टेकडी उभी-आडवी चिरून समतल चर काढतात. उघड्या माळावर त्याचा उपयोग आहे; जिथं चटई शाबूत आहे तिथं ती फाडून चर काढणं म्हणजे माझ्या १९९२ च्या चुकीचीच यंत्रावरची आवृत्ती. पाच-सहा पावसाळ्यांनी दोन्ही नाल्यांच्या पाण्याचा रंग जवळजवळ सारखा दिसू लागला. मुलांना दाखवायला मी दर वर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन बाटल्या भरून ठेवायचो, बाटलीच्या तळाशी बसलेल्या गाळावरून ते दिसायचं.

एक शंका नेहमी विचारली जाते, झाडं वाढली तर पाणी पीत नाहीत का? पितात. निलगिरी पर्वतात ग्लेनमॉर्गन इथं गवताळ पाणलोटात निलगिरीची झाडं लावून मोजमाप झालं, तेव्हा ओढ्याचं पाणी घटलं होतं. म्हणूनच भराभर वाढणारी एकाच जातीची दाट लागवड तलावाच्या वर नको. आपल्याकडची पानझडी झाडं उन्हाळ्यात पानं गाळून बसतात आणि तोच पाला चटईला मिळतो.

ज्याला मी ‘पडीत’ समजलो, त्याला सरकारी कागदात ‘झुडपी जंगल’ म्हणतात. विदर्भात या जमिनीवरून वर्षानुवर्षं खटके उडत होते : ही वनजमीन की महसुली? २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की १९९६ च्या आदेशानुसार झुडपी जंगलाला वनजमीनच मानावं. त्यावर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांचे आणि कसणाऱ्यांचे प्रश्न आहेत, ते सोडवावेच लागतील. पण झुडपं म्हणजे वाया गेलेली जागा, ही समजूत तरी निदान कागदावर मोडली.

आगीचं दुखणं मात्र अजून बरं झालेलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला नवी पानं यावीत म्हणूनही आगी लागतात. एक ठिणगी वाऱ्यानं गेली की वर्षभराची चटई एका दुपारी जाते, आणि पुढं तीन महिन्यांत पावसाळा उभा असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपानं तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आग लावली जाते. बांबूचं उत्पन्न हाती असल्यानं त्यांना ते परवडलं. आमच्याकडे बांबू नाही. पहाटे अंधारात मोह वेचून मग मजुरीला जाणाऱ्या बाईला, पाला जाळू नका, झाडून काढा, असं सांगणं माझ्या तोंडी शोभत नाही. तो अर्ध्या तासाचा जादा झाडू तिच्याच हाती येतो. म्हणून आता झाडाखाली जुन्या साड्या नाहीतर मासेमारीच्या फाटक्या जाळ्या अंथरून पाहतोय. फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ मिळतात. गेल्या हंगामात चार घरांनी जाळ्या अंथरल्या. बाकीच्यांनी आधी त्यांना फुलांचा भाव काय मिळतो ते पाहू, असं ठरवलं आहे.