मायग्रेशन रखडलंय? आधी डिस्ककडे बघा

व्हर्च्युअल मशीनचं (पुढे फक्त व्हीएम म्हणूया) मायग्रेशन रखडलं की पहिला आळ नेटवर्कवर येतो. पण बऱ्याचदा अडसर डिस्कमध्ये असतो. तो मोजून कसा शोधायचा, ते आज पाहूया.

एक उदाहरण घेऊ. समजा, प्रयोगशाळेतलं ५०० जीबी डिस्क असलेलं व्हीएम तुम्हाला पनवेलच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये हलवायचंय. पनवेलला २०२० मध्ये योट्टाचं एनएम१ हे मोठं केंद्र सुरू झालं. त्याला टियर फोर दर्जा आहे, म्हणजे वीज किंवा कूलिंगमधलं एखादं यंत्र बंद पडलं तरी काम थांबू नये अशी रचना. पण असा दर्जा इमारतीबद्दल बोलतो. तुमच्या वाट्याला आलेली डिस्क सेकंदाला किती एमबी लिहील, हे त्यावरून कळत नाही. ते वेगळं विचारावं लागतं.

आता हिशोब. लिंक १० गिगाबिटची आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १२५० एमबी. या वेगाने ५०० जीबी जायला ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटांच्या आत काम फत्ते. प्रत्यक्षात मात्र तासभर उलटून गेला तरी संपत नाही. असं का?

क्लाउडमधल्या डिस्कला दोन मर्यादा असतात. एक, सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येईल (आयऑप्स). दुसरी, सेकंदाला एकूण किती डेटा जाईल (थ्रूपुट). यातली जी आधी गाठली जाईल, ती वेग ठरवते. अ‍ॅमेझॉनच्या जीपी३ डिस्कला जादा पैसे न भरता ३००० आयऑप्स आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतात. १२५ च्या वेगाने ५०० जीबीला ४००० सेकंद लागतात, म्हणजे सुमारे ६७ मिनिटं. आणि कॉपी ४ केबीच्या छोट्या तुकड्यांत होत असेल तर? ३००० गुणिले ४ केबी, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी. तेच काम साडेअकरा तासांवर जातं! सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा करताना पाइप कितीही जाड असो, टाकीच्या तोंडाची तोटी बारीक असेल तर वेळ तोटीच ठरवते.

आणखी दोन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे बर्स्ट. जुन्या जीपी२ प्रकारात १०० जीबी डिस्कचा कायमचा हक्क ३०० आयऑप्सचा, पण साठवलेल्या क्रेडिटवर ती साधारण अर्धा तास ३००० पर्यंत धावते. पहिल्या पाच मिनिटांवरून अंदाज बांधलात तर तो कोसळणारच. दुसरी म्हणजे व्हीएमची स्वतःची मर्यादा. कित्येक क्लाउडवर मशीनच्या आकारानुसार तिलाही वेगळी मर्यादा असते, त्यामुळे नुसती डिस्क वाढवून उपयोग होत नाही.

तपासणी या क्रमाने करा:

१. मूळ डिस्कवरून नुसतं वाचून बघा, कुठेही न लिहिता.
२. आयपर्फने नेटवर्क मोजा. यात डिस्क मध्ये येत नाही.
३. नव्या जागी एफआयओने लिहून बघा. डायरेक्ट मोड चालू ठेवा, नाहीतर तुम्ही मेमरीतल्या कॅशचा वेग मोजाल.
४. मायग्रेशन चालू असताना दोन्हीकडे आयओस्टॅट लावा. थ्रूपुट एका आकड्यावर सपाट झालाय आणि प्रतीक्षेचा वेळ वाढतोय, असं दिसलं की मर्यादा गाठली असं समजा.

पहिल्या तीन आकड्यांतला सगळ्यात लहान, तो तुमचा अडसर.

आता संशोधनाशी संबंध. २००५ मध्ये केंब्रिजच्या क्लार्क आणि सहकाऱ्यांनी चालू व्हीएम हलवण्यावरचा गाजलेला निबंध मांडला. त्यात एका गेम सर्व्हरचा खंड फक्त ६० मिलिसेकंदांचा होता. पण तिथे डिस्क नेटवर्कवर सामायिक होती, हलवायची होती ती मेमरी. डिस्कसकट हलवणाऱ्याने तो आकडा आपल्या प्रयोगाशेजारी ठेवला तर तुलनाच चुकते. म्हणून निबंध वाचताना निकालाआधी गृहीतकं वाचा.

चालू व्हीएमच्या बाबतीत धोका आणखी मोठा. ते सेकंदाला ४० एमबी नवं लिहितंय आणि तुमची कॉपी ३० च्याच वेगाने चाललीय, तर शिल्लक कमी न होता वाढतच जाते. असं मायग्रेशन कधीच पूर्ण होत नाही. शिवाय कॉपी आणि व्हीएमचं काम एकाच डिस्कचा कोटा वाटून घेतात, म्हणजे वापरणाऱ्यांनाही संथपणा जाणवतो.

उपाय साधे आहेत. मायग्रेशनपुरती डिस्कची मर्यादा वाढवून घ्या, तुकड्यांचा आकार मोठा ठेवा, रिकामे भाग वगळा, आधी मूळ प्रत नेऊन नंतर फक्त बदललेले भाग न्या. समांतर प्रवाह वाढवायचे असतील तर मर्यादा अजून गाठलेली नाही याची खात्री करून मगच वाढवा. गाठलेली असेल तर फक्त रांग लांबते.

आणि प्रबंधात 'मायग्रेशनला ६७ मिनिटं लागली' एवढंच लिहू नका. डिस्कचा प्रकार, दोन्ही मर्यादा, तुकड्याचा आकार आणि बर्स्ट संपला होता की नाही, हे चार तपशील सोबत द्या. नाहीतर तुमची पद्धत वेगवान होती की तुमची डिस्क, हे परीक्षकाने विचारलं तर उत्तर देता येणार नाही.