औषधाची चिठ्ठी चित्रात उतरवा



उसावर केवडा पडला म्हणजे आम्ही शेतकी खात्याची माणसे बांधावर भाषण करीत नाही. पान तोडून हातात देतो. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर बहुधा नत्राची. एकदा डोळ्यांनी पाहिले की शेतकरी ते विसरत नाही. औषधपाण्याच्या बाबतीतही हेच का करू नये, असा विचार गेल्या हंगामात आमच्या मनात आला. त्याला कारण घडले.

आमच्या गटातील एक वयस्कर सभासद, मधुमेहाचे दुखणे असलेले. चिठ्ठीवर होते '१-०-१, जेवणाआधी'. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आबांनी दोन्ही गोळ्या सकाळीच घेतल्या आणि उपाशीपोटी उसाला पाणी द्यायला गेले. दारे धरता धरता दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर होते म्हणून वस्तीवरच्यांनी साखरपाणी पाजले आणि तडक दवाखान्यात नेले. थोडक्यात निभावले. आबा काही अडाणी नव्हेत. उसाचे बिल आणि त्यातील कपाती त्यांना तोंडपाठ! पण चिठ्ठीवरची ती खूण त्यांना कोणी उलगडून सांगितलीच नव्हती.

यावर उपाय साधा आहे. वहीचा एक कागद घ्या. त्यावर तीन रकाने पाडा. पहिल्यात डोंगरामागून उगवता सूर्य, दुसऱ्यात डोक्यावरचा सूर्य, तिसऱ्यात चंद्र. प्रत्येक औषधासाठी एक आडवी ओळ धरा. ओळीच्या सुरुवातीला औषधाचे नाव लिहा आणि त्याच औषधाच्या संपलेल्या पाकिटाचा तुकडा चिकटवा. मग ज्या वेळी जितक्या गोळ्या, तितके ठिपके द्या. शाळेत जाणारा नातूसुद्धा हे काम करील.

मात्र चित्रही फसवते. जेवणाआधी म्हणून कोणी रिकामे ताट काढले, तर दुसरा म्हणेल, जेवून ताट रिकामे झाल्यावर! तेव्हा भरलेले ताटच काढावे. गोळी आधी असेल तर ठिपका ताटाच्या अलीकडे, नंतर असेल तर पलीकडे. कागद तयार झाला की डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला दाखवून तपासून घ्यावा. मग ज्याला औषध घ्यायचे, त्यानेच तो बघून तोंडाने सांगावा. 'समजले का?' असे विचारले तर सगळेच मान डोलावतात. 'आता तुम्ही सांगा' म्हटले की खरे काय ते कळते. औषध बदलले तर जुना कागद फाडून टाकावा.

पथ्याचेही तसेच. 'कमी खा' म्हणण्यापेक्षा ताटावर बोटाने रेघ ओढून दाखवा : मधुमेह्याच्या ताटात साधारण अर्ध्या भागात भाज्या व कोशिंबीर, पाव भागात भाकरी किंवा भात, उरलेल्या पाव भागात डाळ-उसळ. डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचे ऐकावे.

आणखी एक खूण ओळखून ठेवा. काही गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचे नाही, असा तिचा अर्थ. जंतुनाशक औषधांसंबंधी केंद्र सरकारने २०१६ साली या रेघेचा प्रचार केला. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेण्यापूर्वी ही रेघ जरूर बघा.

गट कार्यालयात असे कोरे तक्ते ठेवले आहेत. नोंदीला याल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एकेक घेऊन जावा, ही विनंती. उसाची काळजी आपण मिळून घेतोच. ऊस लावणाऱ्याचीही घेऊ या.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग