चाकांभोवतीची हवा

एक साधा प्रयोग करू. टेबलावर गोल बाटली आडवी ठेवू, तिच्यावर फूटपट्टी टेकवू आणि पट्टी हलकेच पुढे सरकवू. बाटली 10 सेंमी गडगडते, तेव्हा पट्टी 20 सेंमी पुढे गेलेली दिसते. म्हणजे गडगडणाऱ्या वस्तूचा माथा तिच्या मध्याच्या दुप्पट वेगाने पुढे जातो.

मोटारीच्या चाकाचेही तसेच. मोटार ताशी 90 किमी वेगाने धावत असेल, तर चाकाचा माथा स्थिर हवेत ताशी 180 किमी वेगाने पुढे जात असतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर रोध चौपट! म्हणून चाकाचा वरचा भाग मडगार्डखाली झाकलेला बरा.

पण एवढ्याने भागत नाही. रिममधल्या फटींतून हवा घुसळली जाते, भोवरे उठतात आणि मोटारीच्या अंगालगत सुरळीत वाहणारा प्रवाह विस्कटतो. या भोवऱ्यांना लागणारी ऊर्जा अखेर इंधनातूनच येते. एकूण रोधाचा सुमारे पाव हिस्सा चाके आणि त्यांच्या पोकळ्यांमुळे असतो.

यावर उपाय म्हणजे रिमवर सपाट झाकण बसवणे, किंवा मागची चाके बाजूनेही झाकणे. 1955 साली आलेल्या सित्रोएन डीएस आणि 1999 च्या होंडा इनसाइट या मोटारींची मागची चाके अशी झाकलेली होती.

यातून किती वाचते? ताशी 90 किमी वेगाला मोटारीवरील हवेचा रोध 240 न्यूटन धरू. झाकणांमुळे तो 5 टक्के, म्हणजे 12 न्यूटन घटला, तर 100 किमी अंतरात 1.2 मेगाजूल कार्य वाचेल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाजूल ऊर्जा असते. त्यातली पाव, म्हणजे 8 मेगाजूल, उपयोगी पडते असे मानू. तेव्हा बचत झाली सुमारे 150 मिलिलिटर.

मग सगळीच चाके का झाकत नाहीत? पुढची चाके वळतात, त्यांना जागा हवी. तापलेले ब्रेक थंड होण्यास हवा लागते. झाकणाआड चिखल साचतो आणि पंक्चर झाल्यावर चाक काढणे जिकिरीचे होते.

आता विद्यार्थ्यांना एक गणित घालू : झाकणे न लावता वेग 90 वरून 80 वर आणला, तर रोध किती घटेल? उत्तर येते सुमारे 21 टक्के, म्हणजे झाकणांच्या चौपट. आणि त्यासाठी खर्च काहीच नाही!