गुण आला की घड्याळ फिरलं?

लेखांक 6

मागच्या आठवड्यात सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेझियाची ओळख झाली. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा जन्मतःच बारीक, मेंदूच्या मधला पातळ पडदा गायब आणि पीयूषिका ग्रंथीचं काम अपुरं. तिन्हींतल्या दोन गोष्टी सापडल्या की हे निदान होतं. साधारण 10 हजार जन्मांमागे असं एखादं मूल. घरच्यांना मात्र आधी छळते ती रात्र. मूल दीड वाजता उठून टाळ्या वाजवतं आणि कर्जतहून पहाटेच्या लोकल सुटू लागल्या की डाराडूर झोपतं. मग आईला ऐकवलं जातं, ग्रहण पाळलं नव्हतंस ना? ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात, त्या जागेच्या लगेच वर, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे 20 हजार पेशींचं घड्याळ असतं. त्याला मोकळं सोडलं तर बहुतेक माणसांत ते रोज थोडं मागे पडतं. रोजचा उजेड ते जुळवून घेतो. उजेडाची ही खबर देणाऱ्या पेशीही डोळ्याच्या पडद्यातच असतात, पण बघण्यासाठी राबणाऱ्या पेशींपासून त्या वेगळ्या. अजिबात न दिसणाऱ्या काही माणसांच्या शरीरालाही उजेड कळतो, हे अमेरिकी संशोधकांनी 1995 मध्ये दाखवलं. या पेशींचा छडा त्यानंतर, 2002 च्या सुमारास लागला.

त्यामुळे ‘दिसत नाही’ एवढ्यावरून झोपेचा अंदाज बांधता येत नाही. जन्मताना गुदमरून मेंदूतलं दृष्टीचं केंद्र दुखावलेल्या मुलाचे डोळे आणि नसा बहुधा शाबूत असतात. त्याची झोप मोडते ती जास्त करून आकडीनं, हातपाय आखडल्यानं किंवा औषधांनी. आपल्या या मुलांत मात्र घड्याळापर्यंत उजेड नेणारी वाटच अरुंद, आणि घड्याळाच्या शेजारचं बांधकामही कच्चं.

उजेडाची खबर न मिळालेलं घड्याळ रोज अर्धा तास मागे पडत गेलं, तर साधारण दीड महिन्यात एक फेरी पूर्ण होते. म्हणजे काही दिवस मूल शहाण्यासारखं रात्री झोपतं, मग झोप सरकत सरकत दिवसावर येते आणि पुन्हा रात्रीकडे वळते. आता खालापूरच्या एखाद्या वाडीतल्या घराचा विचार करा. जागरणं असह्य झाली की भगताकडून अंगारा येतो. नाहीतर बाजारातल्या डॉक्टरकडून गुंगीचं सिरप. आठ-दहा दिवसांत मूल खरंच रात्री झोपू लागतं. गुण आला! महिन्याभरानं पुन्हा तेच सुरू झालं की दोष बाधेला किंवा आईच्या हाताला. अंगारा आणि सिरप, दोघांनाही फुकटचं श्रेय मिळतं. त्यातल्या त्यात अंगारा निरुपद्रवी, असं मी बेधडक म्हणेन.

कारण रात्री उठणाऱ्या अशा प्रत्येक मुलाचं घड्याळच बिघडलेलं असतं असं नाही. पीयूषिका कमी पडली की कॉर्टिसॉल कमी पडतं आणि रात्रीच्या उपाशी तासांत रक्तातली साखर उतरते. मूल घामेजतं, किरकिरतं, कधी त्याला आकडी येते. वरून गुंगीचं औषध दिलं असेल तर ही खूण झाकली जाते, आणि ते जिवावर बेतू शकतं. कुणी सारखं पाणी मागतं आणि अंथरूण भिजवतं. तिथे लघवीवर ताबा ठेवणारं संप्रेरक कमी असू शकतं; त्याला मधुमेह समजू नये. थायरॉइड मंदावलेलं मूल दिवसा पेंगतं. म्हणून आधी संप्रेरकांच्या तपासण्या, झोपेचं औषध नंतर. या क्रमावर आई-बापांनी अडून बसावं.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला हे सगळं सांगता येतं. 2013 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. पुढच्या तपासण्यांसाठी मात्र बहुतेकांना परळ गाठावं लागतं, केईएम किंवा वाडिया. कॉर्टिसॉलचा नमुना सकाळी आठच्या सुमारास घेतात, कारण एरवी तेव्हा ते सर्वांत जास्त असतं. वाडीतून त्या वेळेला परळला पोचायचं तर अंधारातच निघायला हवं. त्यातून, ज्या मुलाची सकाळच सरकलेली आहे त्याचा आठचा आकडा फसवा असू शकतो. तसं असेल तर डॉक्टरांना झोपेच्या वेळा सांगाव्यात आणि इंजेक्शन देऊन करायच्या उत्तेजन चाचणीबद्दल विचारावं.

हे सगळं पाहून झाल्यावर मेलाटोनिन. अंधार पडल्यावर मेंदूतली पीनियल ग्रंथी हे संप्रेरक सोडते. बाहेरून ठरल्या वेळी दिलं तर भरकटलेलं घड्याळ ताळ्यावर येऊ शकतं. दृष्टिहीन प्रौढांत हे 2000 मध्ये दिसून आलं. इथे गोळीच्या ताकदीइतकीच तिची वेळ महत्त्वाची. ती डॉक्टरांनीच ठरवावी आणि रोज घड्याळ लावून पाळावी.

जेवण, अंघोळ, अंगणातला वावर यांच्या ठरलेल्या वेळाही घड्याळाला थोडा हात देतात. पण दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला ‘वेळा पाळा’ सांगणं सोपं नाही. तिथे आई-बापच पहाटेच्या अंधारात कामाला लागतात. अशा वेळी निदान एक गोष्ट करता येते: भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज मूल कधी झोपलं आणि कधी उठलं ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर रात्री झोपलं त्या तारखेला काळा ठिपका, जागलं तिथे कोरी जागा. दोन महिन्यांची पानं फाडून डॉक्टरांपुढे ठेवा. ठिपक्यांचा पट्टा येतो-जातो का, की जागरण रोज त्याच वेळी होतं, यावरून पुढचा तपास कुठल्या दिशेनं न्यायचा ते ठरवणं सोपं जातं.

पुढच्या आठवड्यात: याच मुलांना ताप आला तर.