निष्काम म्हणजे बिनपगारी नव्हे

समाजकार्य करायचं म्हटलं की घरचे विचारतात, ‘पोटाचं काय?’ पोराला वाटतं, आईवडिलांचं मन कोतं आहे. मला तो प्रश्न कोता वाटत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतच बघा. बाबा आमट्यांनी वरोऱ्याची वकिली सोडली, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथंच राहिले. ही माणसं एवढी मोठी, की सर्वस्व सोडलं तरच ते समाजकार्य, असं तरुणांच्या मनानं धरलं. मग सोमनाथच्या श्रमसंस्कार शिबिरातून पोरं भारावून परततात आणि घरी येऊन स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरतात. यात ढोंग काही नाही. ‘सर्व किंवा काहीच नाही’ एवढे दोनच रस्ते दिसले, की बहुतेक माणसं दुसरा धरणारच!

अभय आणि राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. त्यांच्या कामात मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांनी धरलेला प्रश्न: घरीच जन्मणारी, घरीच दगावणारी बाळं कशी वाचवायची? गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं, सगळं त्या करायच्या. ३९ गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी घटले; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्याचं मूळ इथं आहे. आणि त्या भेटींचं मानधन त्यांना मिळतं, बरं का. (ते पुरेसं आहे का, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

गीतेतल्या ‘निष्काम’चा अर्थ आपण ‘बिनपगारी’ असा कधी लावला, कोण जाणे. फळाची आसक्ती वेगळी, कामाचा मोबदला वेगळा. त्यागाची अट घातली, की ज्याच्या मागे घर-शेती आहे तोच येणार. घराण्यातली पहिली पदवीधर झालेली माडिया मुलगी येऊ शकणार नाही; रोग्याशी त्याच्या भाषेत बोलू शकणारी नेमकी तीच.

तेव्हा घरी ‘पोटाचं काय?’ विचारलं तर चिडू नका, पगाराचा आकडा सांगा. संस्था तो सांगायला कां-कूं करत असेल, तर तिलाही हाच प्रश्न विचारा.