परिचयपानाचा आपोआपपणा

गिटहबवर आपल्या सदस्यनामाचेच नाव देऊन सार्वजनिक रिपॉझिटरी उघडली आणि तीत 'रीडमी' फाईल ठेवली, की तिच्यातील मजकूर आपल्या परिचयपानाच्या शिरोभागी दिसू लागतो. ही सोय २०२० साली झाली. आणि तेव्हापासून त्या मजकुरात आपल्या अलीकडील कामाची यादी परस्पर उतरत राहावी, अशी तजवीज पुष्कळ प्रोग्रामरांनी करून ठेवली आहे.

वाचकाने उघडताच हे पान ताजी माहिती गोळा करते, हा समज निखालस चुकीचा आहे. रीडमीत लिहिलेले जावास्क्रिप्ट गिटहब चालूच देत नाही. घडते ते असे, की 'गिटहब ॲक्शन्स' ही यंत्रणा नेमून दिलेल्या वेळी एक लहानसा प्रोग्राम चालवते, तो खातेदाराच्या सार्वजनिक घडामोडींची नोंद मागवतो, रीडमीत खुणेसाठी पेरलेल्या दोन अदृश्य टिपांमधील जुना मजकूर काढून नवा घालतो, आणि बदल कमिट करून, म्हणजे रिपॉझिटरीत नोंदवून, थांबतो. सायंकाळी रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाचीच ही रीत; वाचकाला दिसते ती शेवटची नोंद, चालू क्षण नव्हे.

नेमलेली वेळही काटेकोर पाळली जाईल असे नाही. क्रॉन या वेळापत्रकाच्या नोंदीतील वेळ मुळात यूटीसीप्रमाणे मोजली जाते, म्हणून तेथील मध्यरात्र ही आपल्याकडील पहाटेचे साडेपाच. शिवाय यंत्रणेवर भार असला, विशेषतः तासाच्या आरंभी, तर काम लांबते. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल न झाल्यास हे वेळापत्रक बंदच केले जाते.

यंत्रणेला रीडमीत बदल करू देण्यासाठी आपल्या खात्याचे कायमचे टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, द्यावे लागते, ही भीतीही अनाठायी आहे. प्रत्येक कामापुरते, त्याच रिपॉझिटरीच्या हद्दीतले आणि काम संपताच बाद होणारे टोकन गिटहब स्वतःच देते. लिहिण्याची परवानगी तेवढी नमूद करावी लागते.

परंतु सर्वांत हानिकारक समज हा, की ही यादी आणि तिच्याखालील, दिवसागणिक योगदान दाखवणारे हिरवे चौकोन म्हणजे माणसाच्या परिश्रमांचा हजेरीपट होय. फोर्कमध्ये, म्हणजे दुसऱ्या रिपॉझिटरीच्या प्रतीत, अथवा मुख्य शाखेबाहेर पडून राहिलेले, किंवा खात्याशी न जोडलेल्या ईमेलने केलेले कमिट त्या चौकोनांत सामान्यतः धरले जात नाहीत. कंपनीच्या खाजगी रिपॉझिटरीतील काम तर सार्वजनिक यादीत येतच नाही. उलटपक्षी, यंत्राच्या कमिटला खातेदाराचा ईमेल जोडला, तर एक ओळही न लिहिता चौकोन हिरवा होतो. रिकाम्या चौकोनांमागे वर्षभराची निष्ठा असू शकते आणि हिरव्यांमागे केवळ एक वेळापत्रक, हे उमेदवार निवडणाऱ्यांनी ध्यानात घेतलेच पाहिजे. आणि ज्यांनी असे पान उभारले आहे त्यांना माझी विनंती एवढीच, की यंत्राचे कमिट यंत्राच्याच नावे नोंदवावे.